ऑफिसात काम नसताना गुपचूप काय वाचावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी भोसरीला एका कंपनीत अकाउंट्सला आहे, चौदा वर्षं झाली. माझ्या खुर्चीमागे भिंत नाहीये, मागून चहावाला, साहेब, ऑडिटर सगळे ये-जा करतात, त्यामुळे खाली जे लिहिलंय ते पुस्तकी नाही. मित्र, वहिनी आणि आयटीत बेंचवर (म्हणजे प्रोजेक्टची वाट बघत) बसलेला पुतण्या असे सगळे फिरून फिरून तेच विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय.

प्र. ऑफिसात वाचणं म्हणजे ज्याची भाकरी खातो त्यालाच फसवणं नाही का?

काम पडलेलं असताना वाचत असाल तर हो, आहे, आणि मग पुढचं वाचू नका, जाऊन काम करा. पण काम सगळ्या दिवशी सारखं नसतं हे कोणी बोलत नाही. आमच्याकडे ७ तारखेला टीडीएस भरायचा, ११ ला जीएसटीआर-१, २० ला ३बी (ही जीएसटीची दोन विवरणपत्रं), त्या दिवसांत डबा उघडायला तीन वाजतात, आणि मग २१ ते २७ मध्ये एकदा का बँक रिकन्सिलेशन, म्हणजे बँकेचं आणि आपलं खातं जुळवणं, झालं की माणूस स्टेपलरच्या पिना मोजत बसतो. काम मागायला जाऊन बघितलंय मी. साहेब म्हणतात "बस जरा, सांगतो", आणि ते "सांगतो" चार दिवस येत नाही. घरी जाता येत नाही, पंचिंग मशीन आहे. मग त्या चार दिवसांचं काय करायचं, शेजारच्याच्या बदलीच्या अफवा ऐकायच्या?

आणि फार अपराधी वाटत असेल तर रामानुजन आठवा. १ मार्च १९१२ ला ते मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये क्लार्क म्हणून लागले, महिना तीस रुपये. जानेवारी १९१३ मध्ये केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांना जे पत्र पाठवलं त्याची सुरुवातच अशी आहे की मी पोर्ट ट्रस्टच्या अकाउंट्स खात्यात वर्षाला फक्त वीस पौंडांवर क्लार्क आहे. अकाउंट्स खात्यात! आता त्यांचे वरिष्ठ नारायण अय्यर स्वतः गणितातले होते आणि त्यांना याचं कौतुक होतं, आपले साहेब तसे नाहीत आणि आपणही रामानुजन नाही, ते सोडा.

प्र. मग लपवायचं कशाला? उघड वाचावं की.

तत्त्व म्हणून बरोबर आहे, पण ऑफिसात तत्त्व चालत नाही, दिसणं चालतं. पुस्तक उघडून बसलेला माणूस रिकामा दिसतो आणि एक्सेल उघडून तासभर एकाच सेलकडे टक लावून बसलेला माणूस कामात दिसतो, मग तो मनात घरच्या सिलिंडरचं बुकिंग करत का असेना. हे आपल्याकडेच आहे असं नाही, न्यूझीलंडच्या बुक कौन्सिलने २००८ च्या सुमारास एक साइटच काढली होती जी हुबेहूब विंडोजच्या डेस्कटॉपसारखी दिसायची आणि आत कविता-कथा पॉवरपॉइंटच्या स्लाइड असल्यासारख्या मांडलेल्या, बाण आणि चार्टसकट. म्हणजे तिथेही लोक आमच्यासारखेच.

याच्या बरोब्बर उलटंही झालेलं आहे. क्युबामध्ये सिगारच्या कारखान्यांत १८६५ पासून वाचून दाखवणारा माणूस ठेवायची पद्धत होती, तो उंच जागी बसून पेपर, कादंबऱ्या मोठ्याने वाचायचा आणि बाकीचे पानं वळत ऐकायचे, त्याचा पगार कामगार वर्गणी काढून द्यायचे. इतक्या लांब जायला नको, केरळात कण्णूरकडच्या विडी कामगारांत पण हे होतं, एकाने पेपर वाचायचा आणि त्या वेळात त्याच्या वाट्याच्या विड्या बाकीच्यांनी वळून द्यायच्या. मी हे आमच्या डिस्पॅचवाल्यांना सांगितलं तर ते म्हणाले तू वाच, तुझी व्हाउचरं आम्ही मारतो. मारली नाहीत.

प्र. ऑफिसात वाचायला नक्की कसलं वाचन चांगलं?

मुद्दा सगळा इथेच आहे, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो. लोक विचारतात "लपवू कसं", खरं विचारायला हवं "निवडू काय". नीट निवडलं तर लपवायला काही उरतच नाही.

माझी कसोटी अशी. मध्येच फोन वाजला, साहेबांनी हाक मारली, तुम्ही पाऊण तासाने परत आलात, तर दोन मिनिटांत परत लय लागली पाहिजे. मी याला तुटणारं वाचन म्हणतो, म्हणजे तुटलं तरी चालतं असं. कादंबरी तुटत नाही, कादंबरीत नायिका विहिरीपाशी उभी असताना तुम्हाला सप्लायरचं लेजर काढावं लागलं की दोन्ही बिघडतं. कोश तुटतो. गॅझेटियर, म्हणजे एकेका जिल्ह्याची सगळी माहिती देणारा सरकारी ग्रंथ, तुटतं. जुना कोर्टाचा निकाल परिच्छेदांना नंबर असल्यामुळे झकास तुटतो, एका चिठ्ठीवर "परि. ३४" लिहिलं की झालं.

दुसरं, पानावर चित्र नको. लांबून माणसाला मजकूर दिसत नाही, रंग दिसतो. पांढऱ्यावर काळं दाट छापलेलं काहीही लांबून परिपत्रकच वाटतं.

तिसरं, हसू येता कामा नये. विनोदी वाचन घरी. मी एकदा ओठ चावून खांदे हलवत बसलो होतो तर पलीकडच्या मॅडमना वाटलं रडतोय, पाणी घेऊन आल्या, मग घरी काय झालंय ते खोटं सांगावं लागलं आणि ते पुढे आठवडाभर निभवावं लागलं.

प्र. ठीक, पण सुरुवात कुठून करू? एकच सांगा.

मराठी विश्वकोश. गूगलला मराठीत नुसतं तेवढं टाका, सगळा फुकट आहे आणि सरकारी आहे, आयटीवाले सहसा ब्लॉक करत नाहीत. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईला बसून हे काम उभं केलं, पहिला खंड १९७६ ला आला, त्याच्यावर लिहिलेलं आहे "अंक ते आतुरचिकित्सा", मला हे शीर्षकच एवढं आवडलं की मी ते पासवर्डला वापरायच्या बेतात होतो. वीस खंड आहेत. कुठलीही एक नोंद पाच-दहा मिनिटांत संपते, चहा येईपर्यंत एक, चहा गार होईपर्यंत दुसरी.

वाचायची पद्धत मात्र शोधून वाचायची नाही, भटकत वाचायची. तुमच्या टेबलावरची वस्तू घ्या. शाई, कागद, घड्याळ, पोलाद, वंगण (आमच्याकडे वंगणाची बिलं खूप असतात). चौदा वर्षं ज्याची बिलं पास केली ते नक्की असतं काय हे मला तिथे कळलं. भाषा जरा जड आहे, सुरुवातीला वाटतं शाळेत परत आलो, दोन दिवसांत सवय होते.

याच्या आधीचं पाहिजे असेल तर केतकरांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश, २३ खंड, १९२० च्या दशकातला, तोही नेटवर आहे. त्या माणसाने कोश काढायला लिमिटेड कंपनी काढली, शेअर विकले! माहिती अर्थातच शंभर वर्षं जुनी आहे, काही मतं आज वाचवत नाहीत, पण १९२५ ला शिकलेला मराठी माणूस जगाकडे कसा बघत होता ते बघायचं तर दुसरं काही नको.

प्र. शब्दकोश कोणी वाचतं का?

मी वाचतो. हसा.

शिकागो विद्यापीठाच्या साइटवर दक्षिण आशियातल्या भाषांचे जुने कोश शोधता येतील असे ठेवलेत, त्यात मोल्सवर्थ आहे, दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश आहे, तुळपुळे-फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा पण आहे. मोल्सवर्थ पहिल्यांदा १८३१ ला आला आणि वाढवलेली आवृत्ती १८५७ ला, त्यात शब्दापुढे कंसात खूण असते की हा संस्कृत, हा फारसी, हा अरबी.

आता गंमत बघा. मी एका निवांत दुपारी आमच्याच खात्याचे शब्द काढत बसलो. हिशेब, अरबी. बाकी, अरबी. रक्कम, अरबी. वसूल, अरबी. तारीख, अरबी. जमा अरबी आणि खर्च फारसी, म्हणजे जमाखर्च हा शब्दच मुळात दोन गावचा संसार आहे. कारकून फारसी. फडणीस म्हणजे फर्दनवीस, फर्द म्हणजे यादी, ती लिहिणारा. आणि दप्तर, जे आपण पोराच्या पाठीवर देतो, ते फारसीतून आलं आणि फारसीत ग्रीकमधून, तिथे त्या शब्दाचा अर्थ कमावलेलं कातडं, कारण आधी त्याच्यावर लिहायचे. मी माझ्या टॅलीच्या स्क्रीनकडे बघत होतो आणि मराठी म्हणून जे मी दिवसभर बोलतो त्यातलं आपलं काय हेच कळेना. त्या दिवशी साहेब मागून आले, स्क्रीनवर इंग्रजी-मराठी बारीक अक्षरं, म्हणाले "ट्रान्सलेशन कसलं करतोयस?" मी म्हटलं शब्द बघतोय सर. खोटं नव्हतं.

दाते-कर्वे मराठी ते मराठी आहे, म्हणून जास्त रसाळ. त्यात एकेका शब्दाखाली म्हणी, वाक्प्रचार, कोकणातला अर्थ, गोव्यातला अर्थ असं सगळं. "हात" किंवा "पाणी" काढा, आठवड्याची सोय झाली.

प्र. मी पण अकाउंट्स/बँकेत आहे. अगदी कामाचंच वाटेल असं काही?

आपल्या लाइनवाल्यांची तर चंगळ आहे, कारण आपल्याकडचं सगळ्यात सुरस वाचन दिसायला सगळ्यात रटाळ असतं.

एक, रिझर्व्ह बँकेने स्वतःचा इतिहास खंडांमध्ये छापलाय आणि तो त्यांच्याच साइटवर आहे. पहिला खंड १९३५ ते १९५१. नाव बघून कोणी दुसऱ्यांदा बघणार नाही. आत काय आहे? बँक १ एप्रिल १९३५ ला सुरू झाली, मुख्यालय आधी कलकत्त्याला, १९३७ ला मुंबईला आलं. १९३८ ला दहा हजारांची नोट काढली, दहा हजार, तेव्हाचे! आणि जानेवारी १९४६ ला पाचशे, हजार, दहा हजार रद्द केल्या, म्हणजे २०१६ ची पहिली वेळ नव्हतीच, १९७८ ची पण नव्हती. फाळणीनंतर ३० जून १९४८ पर्यंत पाकिस्तानची मध्यवर्ती बँक सुद्धा हीच होती. दोन देश भांडतायत आणि कॅशिअर एकच, याच्यावर मी दोन दिवस विचार करत होतो.

दोन, टॅक्सचे निकाल. नेटवर निकाल शोधायच्या फुकट साइट आहेत, सुप्रीम कोर्टाची स्वतःची पण आहे. त्यात "ही वस्तू नक्की काय आहे" अशा भांडणांचे निकाल काढा. खोबरेल तेल खायचं की डोक्याला लावायचं? लहान बाटलीतलं म्हणजे केसांचंच असा खात्याचा आग्रह, कंपन्या म्हणतात खाद्यतेल, आणि हे वर्षानुवर्षं चालून डिसेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की केसांचं तेल म्हणून पॅक करून विकत नसाल तर लहान बाटलीतलं पण खाद्यतेलच. पुण्यातल्या आजीला विचारलं असतं तर तिने विचारलं असतं बाटली रत्नागिरीची का केरळची. तसंच पराठ्याचं. २०२० ला कर्नाटकात ठरवलं की परोटा म्हणजे रोटी नव्हे, १८ टक्के लागेल. पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून रोटी, पराठा, परोटा सगळ्यांचा शून्य झाला. या मधल्या पाच वर्षांत पोळी, रोटी आणि पराठा यांच्यातला फरक यावर शहाण्या लोकांनी किती कागद लिहिलाय तो वाचा. हे उघड वाचा, कोणी आलं तर वाचूनही दाखवा. मी एकदा दाखवलं तर साहेब खुर्ची ओढून बसले आणि जायलाच तयार नाहीत.

प्र. आणि आमच्यासारख्यांना ज्यांना इतिहास-भूगोल आवडतो?

गॅझेटियर. इंग्रज सरकारने मुंबई इलाख्याचं जिल्हावार काढलं होतं, जेम्स कॅम्पबेल संपादक, १८७० च्या पुढची दहा-पंधरा वर्षं त्यात गेली. रत्नागिरी-सावंतवाडीचं १८८० चं, पुण्याचं १८८५ चं आणि पुण्याचे एकट्याचे तीन भाग. महाराष्ट्र शासनाच्या गॅझेटियर विभागाने ऑनलाइन ठेवलेत, इंटरनेट अर्काइव्हवर स्कॅन पण आहेत.

आधी आपला तालुका काढायचा, सगळे तेच करतात. पण मग व्यापार-उद्योगाचं प्रकरण काढा. पुण्याच्यात शहरातले धंदे एकेक घेऊन लिहिलेत, तांब्या-पितळेची भांडी, रेशीम विणणं, जर, काचेच्या बांगड्या, हस्तिदंती फण्या, मातीच्या मूर्ती, घोंगडी-बुरणूस, तपकीर, कागद. माल कुठून येतो, अवजारं कसली, कामगाराला काय सुटतं. कागदीपुऱ्यातून मी शेकडो वेळा गाडी घेऊन गेलोय, नाव नुसतं नाव वाटायचं, तिथे खरंच हाताने कागद करायचे हे मला कामाच्या वेळेत कळलं, कंपनीच्या वायफायवर.

एक सूचना, जातींबद्दल जे लिहिलंय ते साहेबी नजरेचं आहे, बऱ्याच ठिकाणी चीड येते, चिमटीत धरूनच वाचायचं.

प्र. इंग्रजीचा कंटाळा आहे हो. मराठीत गोष्टीबिष्टी काही?

आहे की. मराठी विकिस्रोत बघा, जुनी पुस्तकं टाइप करून ठेवलीत, चित्र नाही, जाहिरात नाही. ई-साहित्य प्रतिष्ठानची पुस्तकं फुकट मिळतात, नव्या लेखकांची बरीच, त्यात काही भारी निघतात आणि काही अशी की काम करावंसं वाटतं. दिवाळी अंक आता ऑनलाइन पण निघतात. पहिला दिवाळी अंक १९०९ चा, मासिक मनोरंजनचा, का. र. मित्रांनी काढलेला, तेव्हापासून मराठी माणूस फराळाबरोबर वाचतोय. दिवाळीनंतरचा आठवडा तर ऑफिस असून नसल्यासारखंच असतं.

ग्रुपवर फिरणाऱ्या पीडीएफचं विचाराल तर मी घेत नाही. आपल्याकडे लेखक गेल्यावर पुढच्या वर्षापासून साठ वर्षं कॉपीराइट असतो, त्यातून सुटलेलं जुनं भरपूर आहे, ते आयुष्यभर पुरेल. हयात लेखकाचं पुस्तक विकत घ्या, तीनशे रुपयांची मिसळ खातोच की आपण.

प्र. इनकॉग्निटोमध्ये उघडलं की कोणाला कळत नाही ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि उत्तर आहे: कळतं. इनकॉग्निटो फक्त तुमच्या कॉम्प्युटरवर हिस्टरी ठेवत नाही, म्हणजे तुमच्या जागी संध्याकाळी बसणाऱ्याला कळणार नाही एवढंच. कंपनीच्या नेटवर्कला साइटचं नाव दिसतं. साधारणपणे कुठलं पान वाचलं ते दिसत नाही, पण कंपनीने मशीनवर स्वतःचं सर्टिफिकेट टाकलेलं असेल तर तेही दिसतं, आणि दर थोड्या वेळाने स्क्रीनचा फोटो काढणारं सॉफ्टवेअर असेल तर सगळंच दिसतं. म्हणून तर मी कोश आणि गॅझेटियर म्हणतोय. उद्या लिस्ट निघाली आणि तुमच्या नावापुढे मराठी विश्वकोश, सुप्रीम कोर्ट, रिझर्व्ह बँक असं आलं तर कोण काय बोलणार, उलट प्रमोशनला घाबरा.

व्हीपीएन टाकू नका. ब्लॉक केलेलं उघडायला आडवाटा शोधू नका. एवढ्यासाठी नोकरी घालवायची काही गरज नाही.

प्र. टीम्सवर (ऑफिसच्या चॅट-मीटिंगच्या अॅपवर) नावापुढचा हिरवा ठिपका पिवळा होतो त्याचं काय?

पाच मिनिटं माउस-कीबोर्ड हलला नाही की होतो. वाचताना स्क्रोल करताच की, झालं. माउस आपोआप हलवणारी यंत्रं मिळतात त्यांच्या वाटेला जाऊ नका, २०२४ मध्ये अमेरिकेत एका मोठ्या बँकेने कीबोर्ड चालू असल्याचं नाटक केलं म्हणून डझनभर लोक काढले. वाचणाऱ्याला कोणी काढलेलं मी ऐकलं नाही, नाटक करणाऱ्याला काढतात.

प्र. मोबाईलवर वाचलेलं बरं का स्क्रीनवर?

स्क्रीनवर. मोबाईल हातात दिसला की काय चाललंय ते बघायची पण कोणाला गरज वाटत नाही, निकाल लागलेला असतो. टेबलाखाली मोबाईल धरून तर अजिबात नको, मान खाली, चेहऱ्यावर निळा उजेड, शाळेतल्या पोरासारखं दिसतं. चष्मा असेल तर अजून एक, समोरच्याला तुमच्या काचेत स्क्रीन दिसते. मजकूर दिसत नाही पण लाल-पिवळं हललं की कळतं.

प्र. काही शॉर्टकट?

फायरफॉक्स आणि एज दोन्हीत एफ-९ दाबलं की वाचायचं साधं पान येतं, जाहिराती, फोटो, बाजूच्या पट्ट्या गायब, नुसता मजकूर (सगळ्या साइटवर होत नाही, पण लेखांवर होतं). ऑल्ट-टॅब सगळ्यांना माहीत आहे, पण पाऊल वाजलं की झटकन ऑल्ट-टॅब करणारा माणूस लांबूनच ओळखू येतो. खिडकी बदलू नका. तसंच वाचत राहा, हातात पेन धरा.

प्र. मी मजकूर कॉपी करून वर्डमध्ये टाकला तर नुसती चित्रविचित्र अक्षरं आली, व्हायरस आहे का?

नाही हो. जुन्या मराठी पीडीएफ युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये असतात, श्रीलिपी, कृतिदेव वगैरे. त्यात अक्षर मराठी दिसतं पण आत इंग्रजी कळांचे कोड असतात, फॉन्ट काढला की खरं रूप बाहेर येतं. पीडीएफमध्येच वाचा. आणि स्कॅन असेल तर मुळात ते चित्रच आहे, कॉपी होणारच नाही.

प्र. कधी पकडला गेलात का?

एकदा, आणि पूर्ण माझ्या चुकीने. ऑनलाइन मीटिंग होती, आमचे दोन प्लँट आणि एक व्हेंडर, मला एजिंग रिपोर्ट, म्हणजे कुठलं बिल किती दिवस थकलंय त्याची यादी, दाखवायचा होता. मी एका खिडकीऐवजी पूर्ण स्क्रीन शेअर केली, आणि रिपोर्ट मिनिमाइझ केला तेव्हा मागे भोर घाटाच्या रेल्वेचं पान. १८६३ ला घाटाची लाइन सुरू झाली त्याचं वर्णन, खंडाळ्याजवळ गाडी उलटी फिरवायचं स्टेशन होतं ते. दोन सेकंद कोणी बोललं नाही. मग व्हेंडरकडचे एक काका होते, आवाजावरून रिटायरमेंटला आलेले, ते म्हणाले "जरा वर घ्या, काय लिहिलंय? माझे आजोबा रेल्वेत होते." मला वर घ्यावं लागलं. साहेबांनी मीटिंगनंतर एवढंच विचारलं की एजिंग रिपोर्टमध्ये नव्वद दिवसांच्या पुढचे किती, आणि मला आकडा आठवेना, तेव्हा जे बोलले ते इथे लिहीत नाही. रेल्वेवर नाही बोलले, आकड्यावर बोलले.

तेव्हापासून पूर्ण स्क्रीन कधीच शेअर करत नाही, फक्त खिडकी. तुम्ही पण करू नका.

प्र. साहेबांनी सरळच विचारलं "काय वाचतोस" तर?

खरं सांगायचं. "कागदीपुऱ्यात कागद कसा करायचे ते वाचतोय सर, रिकन्सिलेशन मेल केलंय." दुसरं वाक्य महत्त्वाचं, आणि ते खरं असलं पाहिजे.

प्र. सरकारी ऑफिसात चालेल का?

आमच्या वहिनी झेडपीत आहेत, त्या म्हणतात टेबलापुढे माणूस उभा असताना नाही, बास. ओळ तर सोडाच, एक म्हातारी जरी बाकावर बसलेली असेल तरी पुस्तक ड्रॉवरमध्ये. जेवणाचा अर्धा तास तुमचा आहे, त्यात काय वाचायचं ते वाचा. मला यात भर घालण्यासारखं काही नाही.

प्र. ऑडिओबुक?

एक कान मोकळा ठेवून चालतं म्हणतात. मला नाही जमलं. व्हाउचरवर गोष्टीतल्या माणसाचं नाव लिहून बसलो.

प्र. वाचलेलं लक्षात राहत नाही, कुठे टिपून ठेवू?

मी जुन्या डेबिट नोटांच्या कोऱ्या पाठीवर लिहितो आणि खिशात घालून घरी आणतो. कंपनीच्या मशीनवर स्वतःच्या टिपणांची फाइल ठेवू नका, नोकरी सोडताना ती जाते, माझ्या आधीच्या कंपनीत साडेतीन वर्षांचं टिपण गेलं. मोडी शिकत असाल तर त्याच पाठीवर गिरवता पण येते, आणि बघणाऱ्याला वाटतं सह्या करून बघतोय.

प्र. सध्या काय वाचताय?

पुण्याचं गॅझेटियर, दुसरा भाग, हस्तिदंती फण्या करणाऱ्यांपाशी आहे. अर्धं झालंय, पण आज १९ तारीख, ३बी व्हायचंय आणि एका सप्लायरने अजून बिलं अपलोड केली नाहीत. फण्यांचं उरलेलं आता २१ ला.